एमिल हुडॉकची चूक कुणी चोरली?

१

आमच्या हॅनाव्हिलमध्ये चोऱ्या होत नाहीत असं नाही. एका वर्षी लुथरन चर्चच्या अंगणातली तोफ गेली. पुढच्याच वर्षी क्रेसवेलच्या घराचा अख्खा व्हरांडा पायऱ्यांसकट गेला. क्रेसवेल तेव्हा त्या व्हरांड्यात दुपारची डुलकी काढत होता, तो दोन गावं पलीकडे जागा झाला. पण एखाद्याची चूक चोरीला जावी, हे आमच्या जिल्ह्यात एकदाच घडलं. तेव्हा मी तिथे हजर होतो, हातात कोबी-नूडल्सची बशी घेऊन. कुणी वेगळं सांगितलं तर तो नंतर आलेला आहे असं समजा.

साल चौऱ्याण्णव, ऑक्टोबरातला शनिवार. फायर हॉलमधले दोन्ही बंब रस्त्यावर काढून आत टेबलं मांडली होती आणि टेबलांवर रेल्वेचे सहाशे मालडबे. एकेक डबा वीतभर, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. किट आणायचं, त्यातले पावणेदोनशे तुकडे घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि वर्षातून एकदा हॉलमध्ये जमून दुसऱ्याच्या डब्यातल्या चुका काढायच्या, हा आमचा छंद. इंजिनं इथे कुणी आणत नाही. एकदा एकानं आणलं होतं. त्याच्याशी कुणी वाईट वागलं नाही, फक्त त्याच्या बायकोला सगळ्यांनी एकेकट्यानं जाऊन धीर दिला.

नियम एकच होता, भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेला: दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही. डब्याचं पोट बघायचं असेल तर दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा खालून सरकवायचा आणि जे दिसेल त्यावर मान हलवायची. मान कशी हलवायची यावरून आमच्यात मैत्र्या तुटलेल्या आहेत.

तर जेवणाची सुट्टी संपली, माणसं ढेकर देत टेबलांकडे परतली, आणि हॉलच्या त्या टोकाकडून आरोळी आली.

"गेली! माझी चूक गेली!"

चौऱ्याऐंशी वर्षांचा एमिल हुडॉक हातात आरसा धरून उभा होता. हात नेहमीसारखाच थरथरत होता, त्यामुळे आरशातला उजेड छतावर पाखरासारखा भिरभिरत होता.

"काय गेलं म्हणालास?" मी विचारलं.

"चूक! सकाळी होती. कुणीतरी माझा डबा दुरुस्त केलाय!"

हॉलमधल्या माणसांनीच काय, टेबलांवरच्या सहाशे डब्यांनीसुद्धा कान टवकारले असं वाटलं.

२

एमिल हा आमच्यातला एकटाच खरा माणूस. आम्ही बाकीचे पुस्तकं वाचून शिकलो. तो कॉनेमॉ नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं खरे मालडबे बांधत होता. त्याचा आजचा डबा म्हणजे २३११४ नंबरचा, तपकिरी, बंद मालडबा.

"सदतीस साली हा मी बांधला," एमिल सांगू लागला. "खरा, चाळीस फुटी. डब्याचा सांगाडा आम्ही उलटा ठेवून बांधायचो, पोट वर करून. नकाशा मात्र सुलट्या डब्याचा. शुक्रवारची संध्याकाळ, मला नाचायला जायचं होतं. ब्रेकचा सिलिंडर मधल्या तुळईच्या उजव्या बाजूला बसवायचा तो मी डावीकडे ठोकला. फोरमन म्हणाला, राहू दे, ब्रेक लागतोय ना! तो डबा तसाच चोवीस वर्षं फिरला. अख्ख्या रेल्वेत तसा एकच. म्हणून मी मॉडेलमध्येही सिलिंडर डावीकडे लावला. मुद्दाम!"

"आणि आता?"

"आता बघ. उजवीकडे!"

आम्ही आळीपाळीनं आरसे सरकवले. सिलिंडर उजवीकडे होता. अगदी नकाशाबरहुकूम.

तुम्ही म्हणाल, झालं ते बरंच झालं की. तसं नव्हतं. एमिलची मुलगी डोलोरेस गेलं वर्षभर त्याला वृद्धाश्रमात हलवायला बघत होती. त्याचं घर टेकडीवर, जिना उभा, हात कापणारे, आणि ऑगस्टमध्ये त्यानं शेगडीवर किटली ठेवली ती पाणी संपून, तळ जाऊन, नुसती मूठ उरली तेव्हा त्याला आठवली. भांडून भांडून शेवटी बापलेकीत एक करार झाला. एमिलनं एक किट एकट्यानं, कुणाची मदत न घेता, शेवटच्या दांडीपर्यंत बांधायचं. शनिवारी दुपारी तीन वाजता व्हर्नन क्लॅपनं तपासून 'डबा पुरा आहे' म्हटलं, तर डोलोरेस वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारी बॅग भरायची.

व्हर्नन क्लॅप आमचा अध्यक्ष. त्याला डोलोरेसनंच निवडलं होतं, कारण त्यानं आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात 'मान्य आहे' म्हणण्याआधी त्यानं पाद्र्याच्या अंगरख्याची बटणं मोजली होती आणि एक कमी आहे हे सांगितलं होतं.

आता त्या डब्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात पडला होता. म्हणजे 'एकट्यानं' हा शब्दच गेला.

डोलोरेस गर्दीच्या मागे उभी होती, चेहरा पांढरा. ती पुढे आली आणि बापाच्या खांद्यावर त्याचा राखाडी स्वेटर टाकला.

"पपा, थंडी वाजेल. बसा आधी."

"मी बसणार नाही. आधी चोर पकडा!"

"थांब, मी बघते," असा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला आणि झारा हातात घेऊन स्टेला व्राबेल बाहेर आली.

३

स्टेलाला रेल्वेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मालडब्याला ती 'तुमचं ते खोकं' म्हणायची. पण तिनं शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं शिवण तपासली होती. काजाकडे एक नजर टाकून ती सांगायची की हे कुठल्या बाईनं शिवलंय आणि त्या सकाळी तिचं नवऱ्याशी भांडण झालं होतं की नाही. कारखाना बंद पडल्यापासून ती फायर हॉलमध्ये रांधत होती आणि तपासायला काही नसल्यामुळे कंटाळली होती.

"माझ्यासमोर धरा ते खोकं," ती म्हणाली.

"हात लावायचा नाही!" तिघेचौघे ओरडले.

"एमिल, तुझं आहे ना? तू धर."

एमिलनं डबा उलटा धरला. स्टेलानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ बघितलं.

"गोंद अजून ओला आहे. तासाभरातलं काम. आणि हा दोरा कसला?"

सिलिंडरभोवती बारीक दोरा गुंडाळून गाठ मारलेली होती.

व्हर्नन क्लॅपनं घसा साफ केला. तो घसा साफ करायचा तेव्हा आम्ही आपापले डबे जवळ ओढायचो.

"बोलू नये, पण बोलतो," तो म्हणाला. "आम्ही सगळे झटपट गोंद वापरतो. टेकवला की चिकटला. दोरा बांधून गोंद वाळू देणारा इथे एकच माणूस आहे, आणि तो एमिल. हात कापतात म्हणून."

"मग?"

"मग काय! एमिल, जेवणाच्या सुट्टीत तू इथे खुर्चीत पेंगत होतास. मधेच उठलास, स्वतःच्या हातानं सिलिंडर बरोबर जागी लावलास, पुन्हा झोपलास. आणि विसरलास."

"मी? मी विसरलो?"

"किटली विसरला होतास."

हे बोलायला नको होतं, हे व्हर्नननं बोलून झाल्यावर ओळखलं. एमिल खुर्चीत बसला. त्याला प्रथमच स्वतःची शंका आली आहे हे आम्हाला दिसलं, आणि ते बघवेना. सगळ्यांचे डोळे डोलोरेसकडे वळले. आता तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता.

ती नुसती स्वेटरचं टोक चुरगाळत राहिली.

"घड्याळात किती वाजले?" स्टेलानं विचारलं.

"सव्वा."

"तीनपर्यंत वेळ आहे. व्हर्नन, आत ये. तू, दातवाल्या डॉक्टर, तूही. आणि तो किटवाला. सुट्टीत याच्या टेबलाशी घुटमळताना मला तुम्ही तिघं दिसलात. तिघांनी एकेक करून यायचं. बशी घेऊन या, उपाशी माणूस खोटं बोलतो."

४

स्वयंपाकघरात मी वाढायला होतो, म्हणून जे सांगतोय ते ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे.

पहिला डॉक्टर लेस्टर पॅन्गबर्न. दात काढता काढता त्याचा हात इतका हलका झाला होता की त्यानं एकदा तांदळाच्या दाण्यात आरपार भोक पाडून त्यातून केस ओवला होता, आणि मग तो भात कुणीतरी खाल्ला म्हणून आठवडाभर रडला होता.

"डॉक्टर, एमिलच्या खोक्याला हात लावलास?"

"मी? छे! शपथेवर सांगतो, सिलिंडरला बोटसुद्धा लावलेलं नाही."

स्टेलानं त्याच्या बशीत आणखी कोबी वाढला. लेस्टरनं एक घास घेतला. मग चमचा खाली ठेवला.

"म्हणजे... सिलिंडरला नाही. कोपऱ्यावरचं पायदान वाकडं होतं. केसभर. सकाळपासून मला दिसत होतं, स्टेला, मला दुसरं काही दिसेना. चिमट्यानं नुसतं सरळ केलं. दात हलतोय हे दिसत असताना मी गप्प कसा बसू?"

"निघ. पुढचा!"

दुसरा ओटिस झिमर. हे किट त्यानंच स्वतःच्या तळघरात ओतून बनवलेलं. पावणेदोनशे तुकडे आणि दोन पानांची सूचनापत्रिका, जिच्यातली अकरावी पायरी आजवर कुणाला समजलेली नाही, ओटिसलाही.

"सिलिंडर डावीकडे बघून तुला राग आला असेल," स्टेला म्हणाली.

"आला. माझ्या पत्रिकेत स्वच्छ लिहिलंय, उजवीकडे. पण मी हात लावला नाही, बाई!"

"अजिबात?"

ओटिसनं छताकडे बघितलं. मग नळाकडे. मग माझ्याकडे.

"दाराशेजारची एक मूठ पडली होती. टेबलावरच होती बिचारी. माझं किट, माझी मूठ, आणि लोक येऊन बघणार की मूठ नाही! एक थेंब गोंद. एकच थेंब! बस."

तिसरा व्हर्नन. त्याला विचारायचीही गरज पडली नाही. तो आत आला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "चाकं."

"चाकांचं काय?"

"चकाकत होती. मालडब्याच्या चाकाच्या तोंडावर धूळ, तेल, गंज असतो. मी खिशात रंगाची बाटली ठेवतो. चार चाकांवर ब्रश फिरवला."

"डब्याला किती असतात?"

"आठ. पलीकडच्या चारांवर फिरवणार तेवढ्यात एमिल घोरायचा थांबला."

स्टेला खुर्चीत मटकन बसली. हसावं की झारा फेकून मारावा, हे तिला ठरवता येईना. एका सिलिंडरचा तपास करायला गेली आणि तीन गुन्हे हाती आले, त्यातला एकही सिलिंडरचा नव्हता. तिघांनी एकमेकांची कबुली खिडकीतून ऐकली आणि तिथेच त्यांचं जुंपलं.

"निर्लज्जा, भिंतीवरचा नियम तू लिहिलास!"

"मी रंग लावला, तू तर गोंद लावलास!"

"गप्प बसा," स्टेला म्हणाली. "तुम्ही तिघांनी मिळून त्या म्हाताऱ्याचा करार मातीत घातलाय. आता सिलिंडरही तुमच्यापैकीच कुणी हलवला असता तर बरं झालं असतं. पण तुम्ही नाही."

"कशावरून?"

"तुम्ही इतके मूर्ख आहात की एवढं मोठं काम केलं असतं तर मिरवल्यावाचून राहिला नसतात. राहिला एमिल. आणि दोरा."

ती पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत बाहेर गेली. दार ओलांडताना मला हळूच म्हणाली, "एमिलनंच केलं असेल तर मी तोंड उघडणार नाही, बरं का. तीनपर्यंत झोपेचं सोंग घेईन."

५

"एमिल, गाठ मार," स्टेला म्हणाली.

"कुठे?"

"या पेन्सिलीवर. तुझी नेहमीची. तुझ्या दोऱ्यानं."

एमिलनं टेबलाखालची हत्यारपेटी ओढली. त्याचा दोरा काळा रेशमी, माशांच्या गळाला खोट्या माश्या बांधायचा. तीन वेढे, टोक आतून काढलं, ओढलं. हात कापत होता, पण गाठ क्षणात बसली. त्या कापणाऱ्या बोटांना ती गाठ पाठ होती.

स्टेलानं पेन्सिल एका हातात घेतली, एमिलनं डबा धरला, आणि तिनं भिंग इकडून तिकडे फिरवलं. भिंग दोनदा फिरलं, तीनदा फिरलं.

"एमिलनं हे केलेलं नाही," ती म्हणाली.

व्हर्नन पुढे सरकला. "गाठ वेगळी आहे?"

"गाठ तीच आहे. तीन वेढे, टोक आतून. पण एमिलचे वेढे उजवीकडे जातात आणि डब्यावरचे डावीकडे. आरशात बघावी तशी. आणि एमिलचा दोरा काळा, हा राखाडी."

"डावखुरा!" ओटिस ओरडला आणि अख्खा हॉल लेस्टरकडे वळला, कारण लेस्टर डावखुरा होता. तेव्हाही त्याच्या डाव्याच हातात चमचा होता. तो त्यानं इतक्या झटकन उजव्या हातात घेतला की कोबी दोन टेबलं पलीकडे एका कोळशाच्या वाघिणीत जाऊन पडला.

"मी नाही! पायदान मी केलं, सिलिंडर नाही!"

"बांध गाठ," स्टेलानं दुसरी पेन्सिल पुढे केली.

लेस्टरनं खिशातून दोन चिमटे काढले आणि हिरडीला टाका घालावा तशी गाठ घातली. इतकी सुबक की पेन्सिलीचं दुखणं बरं झालं असतं. पण ती एमिलची गाठ नव्हती, आरशातलीही नव्हती.

"याला ती येतच नाही," स्टेला म्हणाली. "आता ऐका. आमच्या कारखान्यात नवी पोरगी आली की जुन्या बाईसमोर बसवायचे. शेजारी नाही, समोर. पोरगी बघून बघून शिकायची. तिच्या सगळ्या गाठी उलट्या पडायच्या, कारण समोरच्याचा उजवा हात तो तिच्या डाव्या बाजूला. मरेपर्यंत उलट्याच पडायच्या. तीस वर्षांत मी एकही सुधारलेली बघितली नाही. ज्यानं ही गाठ मारली तो डावखुरा नाही. तो एमिलच्या समोर बसून शिकलाय."

ती एमिलकडे वळली.

"तुझ्या टेबलासमोर कोण बसायचं, एमिल?"

एमिलनं डबा टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "माझ्या टेबलासमोर आयुष्यात एकच माणूस बसलं."

६

"पोरी," स्टेला म्हणाली, "सकाळी हा स्वेटर याच्या अंगावर होता तेव्हा दुसरं बटण घट्ट होतं. कोट टांगायला मीच मदत केली होती. मग तू म्हणालीस, पपांना गरम होतंय, मी गाडीत ठेवून येते. आता ते बटण एका धाग्यावर लोंबतंय. बाकीचा धागा कुठे गेला?"

डोलोरेसनं बटणाकडे बघितलं. एकोणपन्नास वर्षांची बाई, राजधानीत एका कचेरीत तिच्या हाताखाली चौदा माणसं. ती पोरीसारखी उभी राहिली.

"काळा दोरा मला सापडला नाही," ती म्हणाली. "पेटीत गोंदच मिळाला."

"कुठे बसून केलंस?"

"बायकांच्या संडासात. दुसरीकडे कुठे जाणार? इथे सगळीकडे हे आहेत."

हे खरं होतं. त्या दिवशी हॉलमध्ये तीच एक जागा अशी होती जिथे आमच्यातला एकही जण चुका काढायला जाणार नव्हता.

"डोली," एमिल म्हणाला, "तू? तुला तर मी हरायला हवा होतो."

"हरायला हवे होतात, हसं व्हायला नको होतं!" डोलोरेसचा आवाज चढला. "मी सहा वर्षांची होते तेव्हापासून तुमच्यासमोर बसून तुकडे देत होते. सिलिंडर उजवीकडे असतो हे मला माझ्या वाढदिवसाच्या तारखेआधी पाठ झालं. सकाळी आरसा घातला आणि बघितलं तर डावीकडे. मला वाटलं, गेलं, पपांचं डोकं गेलं. आणि हा माणूस," तिनं व्हर्ननकडे बोट केलं, "तीन वाजता सगळ्यांसमोर माइकवरून सांगणार. तुम्ही वृद्धाश्रमात जायला हवं, पण असं नाही. लोक हसतायत आणि तुम्ही जाताय, असं नाही."

"मुद्दाम होतं ते."

"मला काय माहीत! मला ती नाचाची गोष्ट कधी सांगितली नाहीत."

"तुझ्या आईबरोबर नाचायला गेलो नव्हतो," एमिल म्हणाला. "म्हणून सांगितली नाही."

कुणीतरी हसलं. बहुतेक मीच. पण व्हर्नन हसला नाही.

"मघाशी व्हर्नन म्हणाला की पपा विसरले," डोलोरेस म्हणाली, "तेव्हाच मी बोलायला हवं होतं. गप्प राहिले असते तर सोमवारी बॅग भरली असती. एक मिनिट मी तसा विचार केला. एकच मिनिट नाही, जरा जास्त."

"ते सगळं ठीक," व्हर्नननं मधे तोंड घातलं. "चोर सापडला. पण प्रश्न तसाच आहे. सदतीस सालचा तो डबा खरोखर तसा होता, हे म्हणतंय कोण? फक्त एमिल. पुरावा काय? मी नकाशावर जातो. नकाशात उजवीकडे आहे."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि एमिलची चूक पुन्हा एकदा नुसती चूक ठरायच्या बेतात होती.

७

"डब्याचं पोट कधी कुणाला दिसतं?" स्टेलानं विचारलं.

"कधीच नाही," ओटिस म्हणाला. "रुळावर उभा असतो तोवर कुणी खाली कॅमेरा घेऊन जात नाही. फक्त अपघातात. डबा आडवा पडला की."

"मग आडवा पडलेला कुणी बघितलाय?"

व्हर्ननचा चेहरा हळूहळू बदलला. त्याच्याकडे अपघातांच्या फोटोंचा संग्रह होता, दोन पेट्या भरून. दुसरी माणसं फुलपाखरं जमवतात. त्याला बोलायचं नव्हतं, पण खोटं बोलण्याचीही सवय नव्हती. तो गाडीकडे गेला आणि एक पिवळं पाकीट घेऊन आला.

फोटो एक्केचाळीस सालचा. बर्फात आडवा पडलेला मालडबा, पोट कॅमेऱ्याकडे, हँडब्रेकचं चाक टोकावर. आणि सिलिंडर मधल्या तुळईच्या डावीकडे, स्वच्छ.

"हा फोटो माझ्याकडे एकोणीस वर्षं आहे," व्हर्नन म्हणाला. "मागे बघा. मी लिहून ठेवलंय: उलटा छापलेला. सिलिंडर डावीकडे असूच शकत नाही, म्हणजे निगेटिव्ह उलटी लागली असणार."

स्टेलानं फोटो नाकाशी धरला.

"व्हर्नन, इथे टोकावर नंबर आहे ना, बर्फातून डोकावणारा? वाच."

"दोन, तीन, एक, एक, चार."

"फोटो उलटा छापला असता तर आकडे उलटे दिसले असते की नाही?"

एकोणीस वर्षं त्या माणसानं सिलिंडर बघितला होता आणि आकड्यांकडे बघितलंच नव्हतं. व्हर्नन क्लॅप खुर्ची शोधू लागला. ओटिसनं त्याला खुर्ची दिली आणि लेस्टरनं पाणी. त्या दोघांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या मुलांच्या लग्नातही बघितला नव्हता.

"लाव रे परत डावीकडे," व्हर्नन शेवटी क्षीण आवाजात म्हणाला. "तीन वाजेपर्यंत. तुझ्या हातानं. बाकी कुणी टेबलाच्या दहा फुटांत यायचं नाही. पायदान, मूठ आणि चार चाकंही जशी होती तशी कर. तरच 'एकट्यानं' म्हणेन."

मग जे झालं ते मी कुणाला सांगितलं तरी पटत नाही. एमिलनं पातं घेतलं, राखाडी दोरा कापला, ओला गोंद खरवडला. मूठ तोडली. पायदान केसभर वाकडं केलं, तेव्हा लेस्टरनं डोळे मिटून घेतले. चार चाकांवरचा रंग पुसला, तेव्हा व्हर्नन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तीच मूठ त्यानं स्वतःच्या गोंदानं पुन्हा लावली आणि दोरा बांधला. शेवटी सिलिंडर. हात इतका कापत होता की सिलिंडर तुळईच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसत होता. एमिल थांबला. हाताचं कापणं बघत राहिला, झोपाळा कधी पुढे येतो हे बघून पोरं उडी मारतात तसा. आणि मधेच, बरोबर त्या क्षणी, टेकवला. तीन वेढे. टोक आतून. ओढलं.

डोलोरेस दहा फुटांवर उभी होती आणि तिच्या हाताची बोटं हवेत तेच करत होती, उलट्या दिशेनं.

तीनला दोन मिनिटं कमी असताना व्हर्नननं आरसा सरकवला. खूप वेळ बघितलं. मग माइकजवळ गेला.

"सिलिंडर चुकीच्या जागी आहे," तो म्हणाला. आरसा खिशात घातला. "बरोबर आहे. डबा पुरा आहे."

टाळ्यांनी दोन डबे टेबलावरून खाली पडले. त्यातला एक माझा होता.

डोलोरेसनं डोळे पुसले, पर्स उचलली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. कचेरीत चौदा माणसं हाताखाली असलेली बाई पुन्हा अंगात आली होती.

"ठीक आहे. जिंकलात. पण पुढचं आत्ताच ठरवू. दरवर्षी एक डबा, एकट्यानं. घरात जेवढी किटं पडलीत तेवढी संपेपर्यंत मी त्या जागेचं नाव काढणार नाही. संपली की कुरकुर न करता बॅग भरायची."

"मान्य," एमिल म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की ओटिसला खोकला आला.

"किती आहेत घरात?"

"असतील थोडी."

डोलोरेस व्हर्ननकडे वळली. "तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही."

एमिलच्या माळ्यावर काय आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. व्हर्नननं छताकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"पाच," तो म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. डोलोरेसनं कोटाची बटणं लावली, शांतपणे, खालून वर.

"एकशे बारा," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये माळा मी झाडला होता, पपा. पहिलं कुठलं काढायचं ते ठरवून ठेवा, मी रविवारी जेवायला येते. आणि यंदा मी समोर नाही, शेजारी बसणार आहे. हात लावणार नाही, नुसती बसणार."

ती दाराकडे निघाली. सगळं कसं छान झालं होतं आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण व्हर्नन क्लॅपला राहवलं नाही.

"एकशे तेरा," तो म्हणाला. "आज सकाळी त्यानं ओटिसकडून आणखी एक घेतलंय."